सोबतीला राजेश्री

हैद्राबाद
६ जुलै २०२५

राजीअक्का,

पाया पडतो. इथूनच पडतो, म्हणजे तुझा धपाटा माझ्या पाठीपर्यंत पोचत न्हाई.

फोन नको, चिठ्ठी लिही म्हणलीस, म्हणून लिहायलोय. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतला माणूस माझ्याकडं बघतच राहिला, जणू मी निजामाच्या काळातलं नाणं पुढं केलंय. पण तुझं म्हणणं पटलं. दाजींचा फोन कायम मोठ्या आवाजावर. आपण बहीण-भावानं काय बोलावं ते तुझ्या सासू आत्याबाईंपासून शेजारच्या शेळ्यांपर्यंत सगळे ऐकतात.

नवी नोकरी लागली. उंदरं सांभाळायची. हसू नको. बोअरच्या गाडीवर आठ महिने झाले, पूर्णा स्टेशनात चहाची किटली फिरवून झाली, नांदेडात मंडपवाल्याच्या खुर्च्या उचलून झाल्या. आता इथं एका मोठ्या संशोधन केंद्रात पांढऱ्या उंदरांचं चारापाणी करायचं, पिंजरे धुवायचे, खालचा भुसा बदलायचा. लय स्वच्छ जात. आपल्या चुडाव्याच्या घरात रात्रभर डबे वाजवायचे त्या उंदरांशी ह्यांची सोयरीक जमणार न्हाई.

मी मधुवंती मॅडमच्या हाताखाली हाय. त्या परभणीच्या, वसमत रोडला घर. पहिल्या दिवशी मी “पिंजरा धुवायलोय” म्हणलो तर खुर्चीतून उठल्याच. “कुठला रे तू?” तीन वर्षांत त्यांच्या कानावर आपली बोली पडली नव्हती. तेव्हापासून उगंच काहीतरी विचारतात आणि मला बोलतं ठेवतात.

त्यांचं काम उंदरींच्या डोक्याचं हाय. एक गोल हौद. पाण्यात दुधासारखं काहीतरी कालवलेलं, म्हणून तळ दिसत न्हाई. एका जागी पाण्याखाली पायरी लपवलेली. उंदरीला सोडलं की ती पोहत पोहत पायरी हुडकते आणि चढून बसते. दुसऱ्या दिवशी सोडली की सरळ तिकडंच जाते, ध्यानात राहतं तिच्या. पण काही उंदरी निस्त्या गोल गोल फिरतात. कालची पायरी आज सापडत न्हाई. मी म्हणलं, “मॅडम, ही बारावीला माझ्याच बाकावर होती काय?” हसल्या. मग म्हणल्या, हिच्या पोटातला बायकी भाग ऑपरेशननं काढलाय, म्हणून असं होतं का ते बघायलोत.

बाकी इथली बिर्याणी... जाऊ दे, आज आषाढी, तुझा उपास आसंल. दाजींना नमस्कार.

तुझा
योग्या

सोनपेठ
१९ जुलै

चि. योगीराज,

तुझी चिठ्ठी बाजाराच्या दिवशी मिळाली. वाचून लय हसले. उंदराची चाकरी करायला हैद्राबादपर्यंत जायची काय गरज होती, आमच्या गोठ्यात कमी हायत का?

आमचं सगळं ठीक. मी आपली शाळेत खिचडी शिजवायला जाते. परवा मीठ दोनदा पडलं. पोरांनी पाण्याचा हंडा रिकामा केला. मास्तर म्हणले, “राजेश्रीबाई, आज गोदावरी आटणार वाटतं.” हसले मी बी.

माझ्या धाकट्या जावेचं, अपेक्षाचं, अंगावरून लय जायलंय. चार महिने झाले. गंगाखेडच्या डॉक्टरनं पिशवी काढून टाका म्हणून सांगितलं. आत्याबाई म्हणल्या, आता महालक्ष्म्या झाल्या की, पितृपाठाच्या आत उरकून घेऊ. सोबत मी जाणार. आपल्याकडं तसंच आसतं, जिनं करून घेतलंय तिनं नवीला घेऊन जायचं, तिच्या उशाशी बसायचं आन् सांगायचं, काई होत न्हाई. तुला काय मालूम बायकांच्यातलं.

एक विचारायचं राहिलं. त्या गोल फिरणाऱ्या उंदरीला शेवटी पायरी सापडली का?

राजेश्री

हैद्राबाद
२७ जुलै

अक्का,

वा! घरातल्या एकीनं तरी माझ्या नोकरीत मन घातलं.

ऐक. गोल फिरणाऱ्या उंदरींचे मॅडमनी दोन गट केलेत. एकीला औषध, एकीला न्हाई. औषध मिळालेल्या बऱ्याच उंदरींना पायरी लवकर सापडायला लागली. सगळ्यांना न्हाई, पण बऱ्याच जणींना. बिगरऔषधाच्या अजून फिरतायत बिचाऱ्या. मी त्यांना जाता-येता सांगतो, “अगं डावीकडं, डावीकडं!” मॅडम ओरडतात.

ते औषध म्हणजे त्यांच्याच पोटातलं गेलेलं हार्मोन बाहेरून द्यायचं. इस्ट्रोजेन त्याचं नाव. मला वाटायचं ते निस्तं लेकरं होण्यापुरतं आसतंय. मॅडम म्हणल्या, न्हाई रे, ते रक्तातून डोक्यात जातं आणि तिथं त्याची रोजची कामं हायत. पेशींना खाणं पोचवायचं, रक्त वाहतं ठेवायचं, पेशींनी एकमेकींचे धरलेले हात सुटू द्यायचे न्हाईत. डोक्याला मार बसला तर आतली सूज आवरायची. सारखाच मार बसला तर उंदरापेक्षा उंदरीचं डोकं लवकर सावरतं म्हणे, आणि तिचं हे हार्मोन काढून घेतलं की ती बी उंदराच्याच रांगेत येऊन बसते. दाजींना सांग, बाईचं डोकं पक्कं का आसतं ते आता शास्त्रानं शोधलं.

मी म्हणलं, “म्हणजे ग्रीस.” बोअरच्या गाडीवर ग्रीस संपलं की रॉड कसा किंचाळायचा ते सांगितलं. मॅडम म्हणल्या, “ग्रीस नाही. ग्रीस मोडलेलं जोडत नाही. हे थोडंफार जोडतंही.”

तुझ्या मिठाचं वाचून पोट दुखेपर्यंत हसलो. तुझा हात पहिल्यापासून खारटच.

अक्का, इथं आता कंटाळा यायलाय. पुढच्या आठवड्यात विशाखापट्टणमला जावं म्हणतो. समुद्र बघायचाय. एक ट्रकवाला वळखीचा झालाय, त्याच्या केबिनमध्ये पोपट हाय, तेलगूत शिव्या देतो. तिकडून चिठ्ठी टाकतो.

योग्या

सोनपेठ
५ ऑगस्ट

योग्या,

समुद्र कुठं पळून जात न्हाई. मॅडमच्या हाताखालून हलू नको. माझी आण हाय तुला.

मी तुला खोटं बोलले. फोन मोठ्या आवाजावर आसतो म्हणून चिठ्ठी मागितली न्हाई. फोनवर बोललेलं माझ्या डोक्यात राहत न्हाई. तू ठेवलास की मी आठवत बसते, काय म्हणला, कुठल्या गावाला हाय म्हणला. लाज वाटते परत विचारायची. चिठ्ठी परत काढून वाचता येते. तुझी उंदरांची चिठ्ठी मी चारदा वाचली.

मीठ दोनदा पडलं ते एकदा न्हाई झालं. पाच-सहा वेळा झालं. आता मी मीठ टाकलं की चुलीपाशी एक खडा ठेवते. ज्वारी दळायला टाकून घरी येते आन् घरात ज्वारी हुडकते. बोलता बोलता शब्दच जातो. झाडू म्हणायचं आसतं, झाडू समोर आसतो, तोंडात येत न्हाई. झोप न्हाई. बसल्या जागी अंगाचा जाळ होतो, माघाच्या थंडीत पदर भिजवून मानेवर घेते. गेल्या महिन्यात शाळेतून निघाले आन् चावडीपाशी कळंना की घराला कुठून वळायचं. लुगड्याचा काठ नीट करायलेय असं दाखवीत उभी राहिले. मग आपला बैल दिसला, त्याच्या मागं मागं आले.

हे पिशवी काढल्यापासून हाय. अठ्ठावीस वर्षांची होते मी. आता तेहेतीस. आमच्या आत्याबाई पासष्टीच्या, त्यांना कोणत्या सालात कुठली म्हैस व्याली ते ध्यानात हाय.

कुणालाच सांगितलं न्हाई. सांगून काय करू? येडी झाली म्हणतील, शाळेतलं काम जाईल. वरून मी तीन बायांना सोबत घेऊन गेलेय. तिघींच्या उशाशी बसून सांगितलं, बघा मला, काई होत न्हाई. आता चौथी अपेक्षा. चार सप्टेंबरची तारीख ठरलीय, गुरुवार. ती रोज रात्री माझ्याजवळ येऊन बसते आन् विचारते, “ताई, खरंच काई होत न्हाई ना?”

त्या उंदरींचं नेमकं काय काढलं होतं ते मॅडमला विचार. माझं बी तेच काढलंय का? माझं नाव सांगू नको.

राजेश्री

हैद्राबाद
१२ ऑगस्ट

अक्का,

मी हलत न्हाई. ट्रकवाला गेला, पोपट गेला, जाऊ दे.

मिठाची चिठ्ठी वाचून मी हसलो होतो. तेच सारखं डोक्यात यायलंय. तू बैलाच्या मागं घरी आलीस आणि मी इकडं तुझा हात खारट म्हणून लिहायलो.

तुझं नाव सांगायचं न्हाई म्हणलीस. मी “आमच्या वळखीच्या एक बाई हायत” अशी सुरुवात केली आणि पुढच्याच वाक्यात रडलो. मॅडमला कळायचं ते कळलं. रागावू नको. त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं, स्वतः उभ्या राहिल्या.

त्या म्हणल्या, पहिली गोष्ट, तुझी बहीण येडी नाही. हे तिला आधी लिही. म्हणून आधी लिहिलं.

दुसरी. पिशवी म्हणजे गर्भाशय, त्यात लेकरू वाढतं. तिच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोश आसतात. इस्ट्रोजेन मुख्य तिथं तयार होतं. उंदरींचे ते दोन काढले होते. तुझी निस्ती पिशवी काढली का बीजकोश बी काढले, ते कागद बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकत न्हाई. दवाखान्यातून घरी सोडताना एक कार्ड दिलं आसंल. ते हुडक. दाजींच्या ट्रंकेत बघ, देवघराच्या मागं बघ, लग्नाच्या फोटोच्या चौकटीत बघ. आपल्या लोकांचे कागद तिथंच सापडतात.

सापडलं की त्यावरचं इंग्रजी जसंच्या तसं उतरवून धाड. फोटो काढायला दाजींचा फोन मागावा लागंल, मग ते विचारतील. म्हणून उतरवूनच धाड.

मॅडम हे बी म्हणल्या की उंदीर आणि माणूस सारखे नाहीत, आणि विसरायला दुसरी कारणं बी आसतात, थायरॉईड, रक्त कमी आसणं, झोप नसणं. घाबरायचं न्हाई आणि आपण होऊन कुठली गोळी बी घ्यायची न्हाई.

तुझा
योगीराज

सोनपेठ
१९ ऑगस्ट

योग्या,

कार्ड सापडलं. पिठाच्या डब्याखाली घातलं होतं, डबा हलतो म्हणून. मीच घातलं आसंल.

मला सातवीपर्यंतचं इंग्रजी, ते बी गेलं. एकेक अक्षर रांगोळी काढल्यासारखं उतरवलं. तीन संध्याकाळी लागल्या. डॉक्टरची लिखाई वाईट हाय, जिथं गिचमिड होतं तिथं मी बी गिचमिड काढलंय. मागच्या पानावर बघ.

अपेक्षासाठी आत्याबाईंनी नवी चादर आणली, दवाखान्यात न्यायला. त्यांची माया हाय तिच्यावर. म्हणूनच करायल्यात. त्यांना वाटतं एकदा काढून टाकलं की कॅन्सरची भीती गेली, लेक सुटली.

लवकर लिही. पोळा जवळ आलाय, मग दिवस भराभर जातात.

राजेश्री

हैद्राबाद
२६ ऑगस्ट

अक्का,

तुझा कागद मी मॅडमच्या पुढं ठेवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणल्या, “गिचमिडसुद्धा किती नीट उतरवली आहे.” मग एका ओळीवर बोट ठेवलं. पिशवी काढली, आणि दोन्ही बीजकोश काढले.

ते चांगले होते का खराब, त्याबद्दल कागदावर काहीच न्हाई.

मॅडम म्हणल्या, बाईचे बीजकोश पन्नाशीच्या आसपास हळूहळू काम थांबवतात, तेव्हा डोक्याला सवय करून घ्यायला सवड मिळते. अठ्ठाविसाव्या वर्षी एका दिवसात बंद केले तर डोकं, हाडं, काळीज, सगळ्यांचीच राखण एकदम उठून जाते. लहान वयात असं झालेल्या बायकांना पुढं विसराळूपणाच्या आजाराचा धोका जास्त दिसलाय. धोका म्हणजे होणारच असं न्हाई. आणि अशा बायकांना गेलेलं हार्मोन बाहेरून देता येतं, बहुतेकींना द्यायला पाहिजेच होतं. पण आधी तपासावं लागतं, छातीत गाठ, रक्ताची गुठळी, बीपी, असलं काही नाही ना. परभणीत सुनेत्रा डॉक्टरीण म्हणून मॅडमच्या वळखीच्या हायत. पत्ता खाली लिहिलाय.

अपेक्षावहिनींचं. चार महिने रक्त जायलंय त्याचं कारण आधी शोधायचं. सोनोग्राफी, रक्त. पुष्कळदा गोळ्यांनी थांबतं. पिशवी काढावीच लागली तरी चांगले बीजकोश उगंच काढायचे न्हाईत. हे शब्द डॉक्टरला विचारायचे: “काय काय काढणार? बीजकोश का काढणार?”

अक्का, आता तुला सांगावं लागंल. माझी चिठ्ठी दाखवून भागणार न्हाई. उंदरं सांभाळणाऱ्याचं कोण ऐकतंय? तुझं ऐकतील. तूच सोबतीला जाणारी. मी येऊ का? आजच्या आज निघतो म्हण, निघतो.

योगीराज

सोनपेठ
६ सप्टेंबर

योगीराज भाऊ,

नमस्कार. मी अपेक्षा, तुमच्या बहिणीची जाऊ. ताईंनी पत्ता दिला. म्हणल्या, तू लिही, मला सगळं ओळीनं आठवायचं न्हाई.

तुमची चिठ्ठी बुधवारी दुपारी आली. ताईंनी वाचली, ब्लाऊजमध्ये घातली आणि संध्याकाळपर्यंत घरातली भांडी दोनदा घासली. मला वाटलं माहेरचं काहीतरी वाईट आलं. रात्री त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, दोनदा तोंड उघडलं, आणि उठून गेल्या.

गुरुवारी सकाळी आम्ही जीपनं निघालो. मी, आमचे हे, आत्याबाई आणि ताई. दवाखान्यात नर्सनं माझं नाव लिहून घेतलं, सहीला कागद दिला. सही करता करता मी ताईंकडं बघितलं तशी ती म्हणली, “घाबरती कशाला? ही बघ तुझी जाऊ. हिचं बी झालंय. कशी ठणठणीत हाय.”

ताई उठल्या. म्हणल्या, “मी ठणठणीत न्हाई.”

सगळे बघायला लागले. बाकड्यावर दुसऱ्या गावच्या बाया होत्या, त्यासुद्धा. ताई खाली बघूनच बोलल्या. मिठाचं सांगितलं, चावडीपाशी वाट चुकल्याचं सांगितलं. म्हणल्या, “आत्याबाई, मला शब्द सापडत न्हाईत. पाच वर्षं झाली. मी हिला सांगत आले काई होत न्हाई. ते खोटं हाय.”

मला वाटलं आता आत्याबाई कडाडणार. तुम्हाला त्यांचा आवाज माहीत आहे. त्यांनी ताईंना हाताला धरून बाकड्यावर बसवलं. मग हळूच म्हणल्या, “अगं, मला वाटायचं तू माझ्यावर डूख धरलीस. तीन-तीनदा हाक मारली तर ओ देत न्हवतीस. सांगितलेलं करीत न्हवतीस. मी पाच वर्षं तुझ्यावर रुसून बसले गं.”

ताई म्हणल्या, “मी विसरत होते.”

तेवढ्यात डॉक्टर आले. आमच्या ह्यांनी ताईंच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि तुमचे शब्द वाचून विचारले, काय काय काढणार. डॉक्टर म्हणले, “सगळंच काढून टाकू, परत कटकट नको.” हे म्हणले, बीजकोश का काढणार? डॉक्टर म्हणले, तुम्ही डॉक्टर का मी?

आत्याबाईंनी नवी चादर पिशवीत कोंबली. आमच्या ह्यांना म्हणल्या, “उद्धव, जीप बोलाव. दोघींना परभणीला न्यायचं.”

भाऊ, माझी सही त्या कागदावर अर्धीच झालीय. “अपे” एवढंच.

आपली
अपेक्षा

हैद्राबाद
१३ सप्टेंबर

अक्का,

अपेक्षावहिनींची चिठ्ठी मी मॅडमना वाचून दाखवली, मग पिंजऱ्यांपुढं उभं राहून उंदरींना बी वाचून दाखवली. त्यांना समजलं असं मी म्हणत न्हाई. पण मला कुणालातरी सांगायचं होतं.

दाजी काय म्हणले? ते लिहिलंच न्हाई कुणी. रागावले आसतील तर मी येऊन भांडतो. भांडता येत न्हाई, पण येतो.

परभणीला काय झालं ते सगळं लिही. काही विसरलीस तर तसंच लिही, इथं विसरले म्हणून.

तुझा
योग्या

सोनपेठ
२८ सप्टेंबर

योग्या,

तुझे दाजी रागावले, पण माझ्यावर न्हाई. म्हणले, मला का सांगितलं न्हाईस. मग दोन दिवस गोठ्यातच बसून होते. आता शाळेत जाताना चावडीपर्यंत माझ्यासोबत येतात, बैलाला पाणी दाखवायचं निमित्त करून.

त्या दिवशी उशीर झाला म्हणून घरी आलो, नंतर एसटीनं परभणीला दोनदा जाऊन आलो. अपेक्षाची सोनोग्राफी झाली. पिशवीत एक बारीक गाठ हाय, साधी. रक्त लय कमी झालंय तिचं. गोळ्या दिल्यात, रक्त जायचं बरंच थांबलंय. सध्या काई कापायचं न्हाई.

माझं रक्त तपासलं, छाती तपासली, बीपी बघितलं, घराण्यात कुणाला काय होतं ते विचारलं. पहिल्या खेपेला तपासण्या, दुसऱ्या खेपेला औषध. सुनेत्रा डॉक्टरीण बाई बोलायला मऊ, पण खोटा धीर देत न्हाई. म्हणल्या, हे औषध पाच वर्षांपूर्वीच चालू व्हायला पाहिजे होतं. झोप लागंल, अंगाचा जाळ कमी होईल, हाडं टिकतील. डोक्याला बी फायदा व्हावा अशी मला आशा हाय, पण पहिल्यासारखं होईल असं वचन देत न्हाई. पन्नाशीपर्यंत घ्यायचं, मधी मधी तपासायचं. मी म्हणलं, वचन दिलं नाही तेच बरं केलंत. मी लय जणींना दिलंय.

त्या तिघींच्या घरी मी जाऊन आले. तुझ्या मॅडमचा पत्ता आन् डॉक्टरीणबाईंचा पत्ता, दोन्ही अपेक्षानं तीन कागदांवर लिहून दिले. एक रडली, एक म्हणली, मला तर काईच होत न्हाई. तिसरीनं आतून कार्ड आणून माझ्या पुढं ठेवलं, उतरवून दे म्हणून.

आता एक गंमत सांगते. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी मला तीन शब्द सांगितले. म्हणल्या, हे ध्यानात ठेवा, थोड्या वेळानं विचारते. मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, शंभरातून सात सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं. मग म्हणल्या, सांगा. मी म्हणलं, आंबा. कुलूप. तिसरा आला न्हाई. मी खोलीभर बघितलं. आत्याबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या, त्यांचे ओठ हलायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणल्या, आजी, तुम्ही न्हाई.

परतीच्या एसटीत आत्याबाई म्हणल्या, “मला ध्यानात हाय. सांगू का?” मी म्हणलं, न्हाई. गंगाखेड आलं, परत म्हणल्या, “अगं सांगते की.” मी म्हणलं, तुमाला माझी शपथ हाय. मग पदराचा बोळा करून तोंडाला लावून बसल्या, सोनपेठपर्यंत.

घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं. अपेक्षाला मालूम हाय, उद्धवला मालूम हाय, तुझ्या दाजींना मालूम हाय. माझ्या लेकाला बी कानात सांगितला. जेवताना सगळे माझ्याकडं बघतात आन् परत ताटात बघतात. पंधरा दिवस झाले, घरात कुणी तो शब्द चुकून बी तोंडातून काढला न्हाई. आत्याबाईंना तर एवढं जड जायलंय, की काल बोलता बोलता तो येणार होता, तर मधीच थांबून खोकल्या.

मी अजून शोधायलेय.

राजेश्री